स्वतंत्र ॲनिमेशन लघुपट: एकट्याने करायचा तर शिकायचं काय?

रेघारेघी

माझ्या विचारपुशीत, म्हणजे निरोपांच्या पानावर, गेले काही महिने एकच प्रश्न येतोय: "ॲनिमेशन शिकायचंय, स्वतःची छोटी फिल्म करायची आहे, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" प्रत्येकाला सुटं उत्तर देण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते, म्हणजे बाकीच्या जाणकारांनाही भर घालता येईल. मी दिवसा जाहिरातींसाठी ॲनिमेशन करते, उरलेल्या वेळात स्वतःचं.

सॉफ्टवेअरचं उत्तर थोडक्यात संपतं. क्रिता, ओपनटून्झ, ब्लेंडर ही तिन्ही फुकट आहेत. ब्लेंडरमधल्या ग्रीस पेन्सिलने कागदावर काढल्यासारखं द्विमित काम होतं. ओपनटून्झ म्हणजे ज्या टून्झवर जपानचा स्टुडिओ जिब्ली काम करत असे तेच. २०१६ साली ते सर्वांसाठी खुलं झालं. यातलं कुठलंही एक घ्या आणि वर्षभर तरी बदलू नका.

शिकायची गोष्ट वेगळीच आहे. एका चित्रापासून पुढचं चित्र किती अंतरावर ठेवायचं, ही ती गोष्ट. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनी चालतो. हाताने काढणारे बहुतेक जण एक चित्र दोन फ्रेम धरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. आता समजा, टेबलावरचा हात एका सेकंदात कपापर्यंत पोचतो. बारा चित्रं सारख्या अंतरावर काढलीत तर तो हात यंत्राचा वाटेल. सुरुवातीची आणि शेवटची चित्रं जवळजवळ, मधली लांब लांब ठेवलीत तर एखादा माणूस निवांतपणे चहाला हात घालतोय असं दिसेल. सुरुवातीची जवळ आणि शेवटची फार लांब ठेवलीत तर तो हात झडप घालेल. वेळ तीच, चित्रांची संख्या तीच, हातही तोच. बदललं ते फक्त अंतर, आणि माणसाचा स्वभाव बदलला. या धंद्यात वेळेला टायमिंग आणि अंतराला स्पेसिंग म्हणतात. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या पुस्तकात मांडलेली बारा तत्त्वं पुष्कळ जण पाठ करतात. ती चांगलीच आहेत, पण सुरुवातीला या दोनच गोष्टी हातात बसल्या तरी खूप झालं.

म्हणूनच "माझी चित्रकला बेताची आहे" ही अडचण मला खरी वाटत नाही. अमेरिकेतले डॉन हर्ट्झफेल्ट काड्यांची माणसं काढतात. 'वर्ल्ड ऑफ टुमॉरो' (२०१५) या त्यांच्या लघुपटात गोल डोकं आणि दोन ठिपक्यांचे डोळे आहेत, आणि तो ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. त्या ठिपक्यांमध्ये जीव आहे तो थांबण्यामुळे आणि हलण्यामुळे.

सराव कसा करावा? उसळणारा चेंडू सगळीकडे सांगतात, तो कराच. वर जाताना चेंडूची चित्रं जवळ येतात, खाली येताना लांब जातात, हे एकदा स्वतःच्या हाताने काढल्याशिवाय डोक्यात उतरत नाही. त्यानंतर अर्धी भरलेली पिठाची पिशवी: तिला हातपाय नाहीत, तोंड नाही, तरी ती रुसली पाहिजे, दचकली पाहिजे. आणि मग माझा आवडता सराव, मांडी घालून बसलेला माणूस उठतो. परदेशी पुस्तकांत खुर्चीवरून उठणं सापडतं. जमिनीवरून उठणं आपल्यालाच बघून काढावं लागतं. घरातल्या मोठ्या माणसांकडे बघा. आधी अंग पुढे झुकतं, एक हात जमिनीवर येतो, दुसरा गुडघ्यावर, मग क्षणभर थांबा, आणि मगच वजन वर. बारा वर्षांचं पोर यातली एकही पायरी घेत नाही, ते नुसतं उभं असतं. या दोन उठण्यांमधला फरक काढता आला की तुम्ही ॲनिमेशन करायला लागलात.

पहिली फिल्म एक मिनिटाची करा, पण पूर्ण करा. हिशेबाने ७२० चित्रं होतात, पण प्रत्यक्षात इतकी लागत नाहीत. पात्र नुसतं बघत उभं असेल तर एकच चित्र धरून ठेवता येतं. चालण्याची दोन पावलं साधारण सेकंदाची, म्हणजे १२ चित्रांची. ती एकदा नीट जमली की पुन्हा पुन्हा वापरता येतात.

शेवटी एक नाव. गीतांजली राव. मुंबईच्या जे. जे. मधून उपयोजित कला शिकल्या, ज्येष्ठ ॲनिमेटर राम मोहन यांच्या स्टुडिओत काम केलं आणि मग 'प्रिंटेड रेनबो' स्वतःच्या हाताने रंगवत पूर्ण केला. एकटी राहणारी म्हातारी, तिची मांजर आणि काडेपेट्यांवरच्या चित्रांत उघडणारं जग. २००६ साली कान चित्रपट महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात त्याला पुरस्कार मिळाले. पाठीशी मोठी कंपनी नव्हती. हे मुंबईत एका बाईने केलंय हे इथल्या प्रत्येक नवशिक्याला माहीत असायला हवं.

जुनेकागद

उत्तम धागा. काडेपेट्यांवरून आठवलं. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' केली होती. काड्या थोड्या थोड्या सरकवायच्या आणि एकेक फ्रेम टिपायची. त्याच्याही आधी, 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभं करताना, कुंडीतल्या बीचा वेल होतानाचं असंच टप्प्याटप्प्याने चित्रण करून त्यांनी लोकांना दाखवलं होतं. म्हणजे आपल्याकडे कथापट यायच्या आधी फ्रेम-फ्रेमचा खेळ आला. 'आगकाड्यांची मौज' आज पाहायला मिळत नाही, याची हळहळ वाटते.

पुढे पुण्यात 'प्रभात'ने १९३४ मध्ये 'जंबूकाका' हे कार्टून काढलं. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला, तिथे डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ च्या सुमारास शिकवायला आले. जातककथेवरचा 'द बॅनियन डिअर' (१९५७) त्यातूनच झाला. राम मोहन याच विभागात तयार झाले. भीमसेन यांचीही सुरुवात फिल्म्स डिव्हिजनमधलीच. त्यांचा 'द क्लाइंब' १९७० चा.

आणि 'एक अनेक और एकता' (१९७४)! दूरदर्शनवर वाढलेल्या कुणालाही चिमण्या, जाळं आणि "हिंद देश के निवासी" सांगावं लागत नाही. तो करणाऱ्या विजया मुळे आपल्या मुंबईच्या, आणि ॲनिमेशन भीमसेन यांचं. पुन्हा काढून बघा: हालचाल अगदी मोजकी आहे. मुलं बहुतेक वेळ उभी आहेत. तरी पन्नास वर्षं टिकलाय, कारण गोष्ट आणि गाणं पक्कं आहे.

अनघा_कोथरूड

रेघारेघी ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. मुलगी बारावीला आहे, तिला हेच करायचंय. जवळच्या एका संस्थेत चौकशी केली तर फी काही लाखांत, आणि अभ्यासक्रमात फक्त सॉफ्टवेअरची नावं. चित्रकला किती, गोष्ट सांगणं किती, असं विचारलं तर समोरच्या बाईंना उत्तर देता आलं नाही. इंजिनिअरिंगसारखं याचंही काही सरळ दार असतं का? आणि घरी बसून खरंच शिकता येतं का, की हे आई-वडिलांनी मनाचं समाधान करून घ्यायचं?

पवईचा_तलाव

अनघाताई, सरळ दारं आहेत. अहमदाबादच्या एनआयडीमध्ये (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) ॲनिमेशन शिकवतात, प्रवेश त्यांच्या डॅट परीक्षेतून. आयआयटी मुंबईतल्या आयडीसी या डिझाइन विभागात पदवीसाठी यूसीड आणि पदव्युत्तरसाठी सीड या प्रवेश परीक्षा. पदव्युत्तरला ॲनिमेशन हा स्वतंत्र विषय आहे. जे. जे. मध्ये उपयोजित कला केली तरी पाया उत्तम होतो, रेघारेघींनी उदाहरण दिलंच आहे. सरकारी संस्थांची फी आणि खासगीची फी यांची तुलना करून बघाच.

मी स्वतः आयडीसीमध्ये शिकलो, तिथलं एक सांगतो. तिथे नीना सबनानी शिकवायच्या. त्यांचा 'मुकंद अँड रियाझ' (२००५) वडिलांच्या फाळणीच्या आठवणींवर आहे आणि तो कापडाच्या तुकड्यांच्या नक्षीत केलाय. 'टांको बोले छे' (२००९) मध्ये कच्छच्या बायका स्वतःच्या भरतकामातून आणि स्वतःच्या आवाजात आपली गोष्ट सांगतात. हे बघितल्यावर "कुठल्या शैलीत करू?" हा प्रश्न मला वेगळा दिसायला लागला. गोष्ट ज्यांची आहे त्यांच्या हातात जे आहे त्यातून शैली काढायची.

संस्थेचा खरा उपयोग दोन गोष्टींसाठी. एक, दर आठवड्याला कुणीतरी तुमचं काम फाडून सांगतं. दोन, सोबतीला त्याच वेडाची माणसं मिळतात. या दोन्ही गोष्टी घरी बसून उभ्या करता आल्या तर संस्थेशिवायही चालतं. एनआयडीतला 'चित्रकथा' हा विद्यार्थ्यांचा ॲनिमेशन महोत्सव जमला तर मुलीला दाखवून आणा, दोन दिवसांत तिला कळेल की हे आपलं आहे की नाही.

संस्था निवडताना एकच करा: तिथल्या मुलांनी शेवटच्या वर्षी केलेल्या फिल्म्स मागा. सगळ्या एकसारख्या दिसत असतील तर उठून या.

पिंगुळीकर

आमच्या सिंधुदुर्गातलं सांगितल्याशिवाय राहवत नाही. पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे: एकेक चित्र पुढे धरायचं, गोष्ट गायची, मग पुढचं चित्र. त्याच समाजात चामड्याच्या छायाबाहुल्या आणि कळसूत्री बाहुल्याही. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती या कलांसाठीच.

ॲनिमेशन शिकणाऱ्यांनी इथे येऊन दोन दिवस बसावं असं मला मनापासून वाटतं. छायाबाहुलीला चेहऱ्यावर भाव बदलता येत नाही. जे काही सांगायचं ते मान किती कलली, हात किती वेळात वर गेला आणि बाहुली पडद्याजवळ आहे की लांब यावरच. जवळ आली की कड धारदार, लांब गेली की मोठी आणि धूसर. जर्मनीच्या लोटे रायनिगर यांनी काळ्या कागदाच्या कापलेल्या आकृत्या काचेवर ठेवून, खालून उजेड देऊन, १९२६ साली 'प्रिन्स अखमेद' हा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. त्यांची प्रेरणा छायाबाहुल्यांचीच परंपरा होती. आपल्याकडे ती परंपरा जिवंत आहे, कुडाळ स्टेशनापासून जवळ आहे, आणि आपली मुलं चालणं शिकायला यूट्यूबवर परदेशी सांगाडा बघतात.

संथ

धागा आवडला, पण "एक मिनिटाची करा, पूर्ण करा" हे मला पटत नाही. सगळीकडे हाच सल्ला मिळतो आणि त्यामुळे सगळीकडे एक मिनिटाचे चुटके दिसतात: शेवटी एक कलाटणी, हसू, संपलं. ॲनिमेशनमधलं सगळ्यात सुंदर काम घाई न करणाऱ्या माणसांनी केलंय. रशियाचे युरी नॉर्श्टाइन घ्या. 'हेजहॉग इन द फॉग' (१९७५) जेमतेम दहा मिनिटांचा. कागदाचे कापलेले तुकडे काचेच्या अनेक थरांवर ठेवून केलेला. धुकं कसं केलं? दृश्यावर अतिशय पातळ ट्रेसिंग पेपर ठेवला आणि फ्रेमगणिक तो कॅमेऱ्याच्या दिशेने वर उचलत नेला. कागद जसजसा वर येतो तसतसं खालचं सगळं विरत जातं. आणि गोगोलच्या 'ओव्हरकोट' या एका कारकुनाच्या कथेवर ते १९८१ पासून काम करतायत, अजून तो पूर्ण नाही. त्यातले जे थोडे तुकडे लोकांना पाहायला मिळाले त्यात त्या कारकुनाचं नुसतं कपडे काढून निजायला जाणं आहे, आणि ते बघताना श्वास रोखला जातो. नॉर्श्टाइनना कुणी "आधी पूर्ण करा" म्हटलं असतं तर?

नवशिक्यानेही एखादी मोठी, आपल्याला खरंच सांगायची असलेली गोष्ट धरावी आणि ती वर्षानुवर्षं करावी. शिकणं त्यातच होतं.

रेघारेघी

संथ, नॉर्श्टाइनबद्दल एक शब्दही वेगळा नाही. पण 'हेजहॉग'च्या आधी ते १९६१ पासून मॉस्कोच्या सोयुझमुल्टफिल्म स्टुडिओत दुसऱ्यांच्या फिल्म्सवर ॲनिमेटर म्हणून राबत होते. कितीतरी फिल्म्स त्यांच्या हाताखालून पूर्ण होऊन गेल्या होत्या. तो रियाज त्यांना स्टुडिओने दिला. आज घरी बसून शिकणाऱ्याला तो कुणी देणार नाही, तो स्वतःच छोट्या फिल्म्समधून करून घ्यावा लागतो. फिल्म पूर्ण करताना जे कळतं ते सरावाच्या तुकड्यांतून कळत नाही: दोन दृश्यं जोडल्यावर दुसरं लांब वाटायला लागतं, आवाज आल्यावर अर्धी हालचाल नको होते, शेवट जमत नाही कारण सुरुवातीला पात्राला काही हवंच नव्हतं.

कलाटणीच्या चुटक्यांबद्दल मात्र तुम्ही म्हणता ते खरं आहे. एक मिनिटात विनोदच करावा असं कुठे आहे? कुणीतरी बसची वाट बघतंय, बस येते, तो चढत नाही. एवढ्यावर मिनिट भरतं. मोठी गोष्ट मनात असेल तर तिचं एक मिनिट आधी करा. लाटवियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांनी आधी लघुपट केले, मग 'अवे' (२०१९) एकट्याने केला, ॲनिमेशनपासून संगीतापर्यंत. तो ७५ मिनिटांचा असला तरी चार प्रकरणांत आहे, म्हणजे एकेक प्रकरण संपवत पुढे जाता आलं. त्यानंतर 'फ्लो'.

सचिन_ब्लेंडर

'फ्लो'चं नाव आलंच आहे तर विचारतो. तो ब्लेंडरमध्येच झाला आणि २०२५ मध्ये ऑस्कर घेऊन गेला. मग एकट्याने करणाऱ्यासाठी त्रिमित जास्त सोयीचं नाही का? पात्र एकदा बांधलं की प्रत्येक फ्रेमला काढायला नको.

रेघारेघी

सोयीचं आहे, पण कष्ट वेगळ्या जागी जातात. पात्र घडवणं, त्याचा सांगाडा बांधणं, पृष्ठभाग, उजेड, हे सगळं पहिली हालचाल करायच्या आधी. एकटा माणूस तिथेच दमतो. आणि मधल्या फ्रेम संगणक भरतो तेव्हा अंतर तो ठरवतो, म्हणून नवख्याचं त्रिमित काम पाण्यात तरंगल्यासारखं दिसतं. त्यावर उपाय हाच की आधी कागदावर चेंडू, पिशवी, उठणं-बसणं. मग ब्लेंडरमधल्या ग्राफ एडिटरच्या वक्ररेषा वाचता येतात: रेषा चढी तिथे वेग, आडवी तिथे थांबणं.

ध्वनिखोली

मी ध्वनिमुद्रणातला माणूस, चित्राची बाजू मला येत नाही. पण लघुपट करणारे आमच्याकडे सगळ्यात शेवटी येतात, सगळं काढून झाल्यावर, "आता आवाज टाकून द्या" म्हणत. ॲनिमेशनमध्ये हे उलटं असायला हवं. आवाज आधी.

'वर्ल्ड ऑफ टुमॉरो'मधली लहान मुलगी म्हणजे हर्ट्झफेल्ट यांची चार वर्षांची भाची. इतक्या लहान मुलीला संवाद देता येत नाहीत, म्हणून खेळताना, चित्रं काढताना ती जे बोलली ते त्यांनी मुद्रित केलं आणि त्याभोवती गोष्ट लिहिली. जॉन आणि फेथ हबली यांनी हे १९५९ मध्येच 'मूनबर्ड'साठी केलं होतं, स्वतःच्या मुलांचं बोलणं घेऊन. इंग्लंडच्या निक पार्क यांनी 'क्रीचर कम्फर्ट्स'मध्ये (१९८९) सामान्य माणसांच्या खऱ्या मुलाखती मातीच्या प्राण्यांच्या तोंडी घातल्या. अडखळणं, वाक्य अर्धं सोडणं, मध्येच हसणं हे लिहून येत नाही.

आपल्याकडे तर याची खाण आहे. आत्याला विचारा तिचं लग्न कसं ठरलं. शेजारच्या काकांना विचारा गिरणी बंद झाली तेव्हा पहिल्या दिवशी घरी काय केलं. फोन समोर धरू नका, बाजूला उशीवर ठेवा. पंखा बंद करा, फ्रिजचा आवाज येत असेल तर दुसऱ्या खोलीत बसा. मुलाखत संपल्यावर त्याच खोलीतली अर्धा मिनिट शांतता वेगळी मुद्रित करा, वाक्यं जोडताना मधल्या फटी तिने भरता येतात. आणि ज्यांचा आवाज आहे त्यांची परवानगी आधी घ्या, घरचे असले तरी.

मग ओठांचा भाग. इंग्रजी शिकवण्यांत मिळणारे तोंडांच्या आकारांचे तक्ते मराठीला जसेच्या तसे बसत नाहीत. प, ब, भ, म ला ओठ पूर्ण मिटतात. ते मिटलेलं चित्र किमान दोन फ्रेम दिसलंच पाहिजे, नाहीतर बोलणं खोटं वाटतं. फ चं तुमच्या पात्रावर अवलंबून आहे. तक्त्यांत तिथे दात खालच्या ओठावर दाखवतात, पण आपली पुष्कळ मोठी माणसं "फळ" ओठ मिटूनच म्हणतात. ट, ड, ळ चं काम तोंडाच्या आत चालतं, बाहेरून फारसं दिसत नाही, तिथे वेगळं तोंड काढण्यात वेळ घालवू नका. तोंडाचा आकार आवाजाच्या एखाददोन फ्रेम आधी आला तर चालतो, उलट बरा वाटतो. नंतर आला की लगेच खटकतं.

मिसळ_नाशिक

ध्वनिखोली, फ वाला परिच्छेद छापून भिंतीवर लावला.

मी शाळेत कला शिकवतो, मुलांबरोबर फोनवर स्टॉप मोशन करतो, म्हणजे वस्तू थोडी थोडी हलवत एकेक फोटो काढतो. ज्यांच्याकडे टॅबलेट नाही त्यांच्यासाठी थोडं लिहितो. फोन पक्का बांधा, स्टँड नसेल तर दोन स्टुलांवर फळी टाकून भोक पाडा आणि वरून खाली बघणारा कॅमेरा करा. खिडक्या बंद करा. ऊन सरकलं की फिल्म लुकलुकते. दोन दिवे दोन्ही बाजूंनी. कॅमेऱ्यात उजेड, फोकस आणि रंगाचा तोल तिन्ही कुलूपबंद करा, नाहीतर फोन प्रत्येक फोटोला स्वतःचं डोकं चालवतो. पांढरा शर्ट घालून जवळ उभं राहू नका, त्याचा उजेड दृश्यावर पडतो. सेकंदाला १२ फोटो पुरतात.

साहित्य घरातलंच. कॅनडात काम केलेल्या कॅरोलाइन लीफ यांनी खालून उजेड दिलेल्या काचेवर वाळू पसरून 'द आउल हू मॅरिड अ गूज' (१९७४) केला. आम्ही काळ्या कागदावर रांगोळी वापरतो. बोटाने पुसायचं, चिमटीने घालायचं, फोटो. यात मागचं चित्र मोडल्याशिवाय पुढचं होत नाही, त्यामुळे मुलं परत मागे जाऊन खाडाखोड करत बसत नाहीत आणि हाताला धीटपणा येतो. सहावीतल्या पोरांनी रांगोळीची कोंबडी केली, तिची मान पुढेमागे होणं मोठ्यांनाही जमलं नसतं. शाळेच्या मागे रोज बघतात ना.

टोरंटोहून_विद्या

लीफ यांचं नाव वाचून लिहायला बसले. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाच्या संकेतस्थळावर त्यांच्या पुष्कळ जुन्या फिल्म्स फुकट बघता येतात. नॉर्मन मॅक्लॅरेन यांचा 'नेबर्स' (१९५२) पासून सुरुवात करा, त्यात जिवंत माणसांनाच एकेक फ्रेमने हलवलंय. आणि ईशू पटेल यांचा 'बीड गेम' (१९७७) चुकवू नका. गुजरातचे, एनआयडीतले, इथे येऊन नॅशनल फिल्म बोर्डात काम केलं. काळ्या पार्श्वभूमीवर फक्त मणी. एक जीव दुसऱ्याला गिळतो, तो तिसऱ्याला, आणि लढाई माणसांपर्यंत येते. ऑस्करचं नामांकन होतं. घरात मण्यांची बरणी असेल तर हा बघून रात्री झोप येणार नाही.

सचिन_ब्लेंडर

एक उरलेला प्रश्न. आता वाक्य लिहिलं की एआय चित्रफीत करून देतं. मग हे सगळं शिकण्यात वर्षं का घालवायची?

पवईचा_तलाव

फीत हवी असेल तर नका घालवू. आत्याने कप उचलण्याआधी किती वेळ वाफेकडे बघितलं, हे ठरवायची इच्छा असेल तर शिकावं लागेल. ते तिच्याकडे बघितलेल्या माणसालाच ठाऊक असतं. याच्यावर वेगळा धागा काढूया, इथे कामाचं चाललंय.

अनघा_कोथरूड

सगळ्यांचे आभार. मुलीने पूर्ण धागा वाचला आणि आजी जमिनीवरून उठतानाचं क्रितामध्ये करून बघितलंय, दुवा विचारपुशीत टाकलाय. ताई, वेळ मिळाला तर बघाल का? ती म्हणते, खरं खरं सांगा.

रेघारेघी

बघितलं. तिच्या परवानगीने इथेच लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही उपयोग होईल.

चांगलं आधी, कारण ते खरंच चांगलं आहे: आजी उठण्याआधी पदर सावरते. हे कुठल्याही पुस्तकात नाही, तिने ते बघितलंय. तो भाग अजिबात बदलू नकोस.

आता वजन. हात जमिनीवर टेकतो त्याच चित्रात अंग वर जायला लागलंय. हाताने भार घेतल्याचं दिसत नाही. हात टेकल्यावर खांदा आणखी थोडा खाली दबला पाहिजे, कोपर ताठ झालं पाहिजे, आणि ते चित्र सहा-आठ फ्रेम धर. त्यानंतर वर जाणं. सध्या वर जाताना चित्रं सारख्या अंतरावर आहेत, म्हणून आजी लिफ्टमधून आल्यासारखी येते. पहिली तीन-चार चित्रं फार जवळ ठेव, कारण तिथे गुडघे दुखतायत. मधे एक मोठी उडी घे. वर पोचल्यावर लगेच थांबवू नकोस. ती किंचित जास्त पुढे जाईल, मग मागे येऊन स्थिरावेल. पदराचं टोक तिच्यानंतर चार फ्रेमनी थांबेल. डोकं सगळ्यात आधी वर बघतं की सगळ्यात शेवटी, हे घरी जाऊन परत बघ. माझ्या आजीचं शेवटी असायचं, पण तुझ्या आजीचं वेगळं असू शकतं.

रेषा कुठेही सुधारायची गरज नाही. रंग अजून भरू नकोस.

पिंगुळीकर

हे तिने पूर्ण केलं की महोत्सवाला पाठवता येईल का? आमच्याकडचीही दोन मुलं विचारतायत.

पवईचा_तलाव

सराव म्हणून नाही, फिल्म झाली की नक्की. मुंबईचा मिफ, म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, दोन वर्षांतून एकदा असतो आणि त्यात ॲनिमेशनचा विभाग आहे. बाहेर फ्रान्सचं आनेसी आणि क्रोएशियाचं झाग्रेब हे ॲनिमेशनचेच जुने महोत्सव. विद्यार्थ्यांसाठी बहुतेक ठिकाणी वेगळी स्पर्धा असते. तिथेच पाठवा, एकदम मोठ्यांच्या रांगेत नको. सगळेच महोत्सव शुल्क घेत नाहीत, आधी बिनशुल्क ठिकाणांची यादी करा. काहींना फिल्म आधी नेटवर आलेली चालत नाही, म्हणून नियम वाचेपर्यंत यूट्यूबवर टाकू नका. संगीत स्वतःचं किंवा लेखी परवानगीचं हवं. हिंदी गाण्याचा तुकडा असला की फिल्म तिथेच बाद होते. इंग्रजी उपशीर्षकं हवीतच, पण फिल्म मराठीतच ठेवा. मुंबईच्या ईकसॉरस स्टुडिओचा 'कंडिट्टुंडु!' (२०२१) एका आजोबांच्या भुताखेतांच्या गोष्टींवर आहे, पूर्ण मल्याळममध्ये, आणि राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत गेला. पिंगुळीच्या मुलांनी मालवणीत करावं. उपशीर्षकांचं इंग्रजी तपासून द्यायला मी आहे, विचारपुशीत पाठवा.